झुडपातला नारिंगी त्रिकोण

"थांबा! ब्रेक दाबा!" ठिणगी ओरडली.

मागून येणारी तिची मैत्रीण, कायम सगळ्यांच्या मागे म्हणून नाव 'गोगलगाय', तिच्या सायकलवर आदळता आदळता वाचली. "अगं, माणसानं आधी सांगावं!"

"सांगितलं की!"

झुडपात काहीतरी नारिंगी चमकत होतं. ठिणगीनं हात घालून ओढलं. पत्र्याचा त्रिकोण!

"हा तर तुझ्या मामाच्या गाडीचा!" त्यांचा तिसरा सोबती चष्मा म्हणाला.

मामा विश्रामगृहाची बॅटरीवरची छोटी गाडी चालवायचा. ती ताशी पंचवीसच्या वर पळतच नाही, हे मागच्याला कळावं म्हणून पाठीला हा त्रिकोण. आणि अशा गाडीनं तळ्याकडच्या आतल्या रस्त्यानंच जायचं, मोठ्या रस्त्यावर बंदी!

"कालपण विश्रामगृहाच्या गेटाशी गाडीला त्रिकोण होता, बाजारात नव्हता. मी म्हटलं होतं ना?" ठिणगीनं खाली पाहिलं. नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या चाकांचे ओले ठसे तळ्याकडे वळलेच नव्हते. सरळ मोठ्या रस्त्याकडे!

"म्हणजे पोलिसांनी ओळखू नये म्हणून मामा हा इथे लपवतो?" गोगलगाय म्हणाली. "लबाड!"

पण ठिणगीनं सायकलवर टांग मारली. "गाडीत बटाटा आहे!"

बटाटा म्हणजे तिचा पाच वर्षांचा भाऊ. हट्टानं मागच्या, उलट्या सीटवर बसला होता.

त्रिकोण काखेत मारून तिनं सायकल अशी हाणली की बाकीचे मागेच राहिले. वळण आलं. वळणापलीकडे चढ, आणि चढावर मामाची गाडी मुंगीसारखी सरकत होती. बटाट्यानं हात हलवला.

तेवढ्यात मागून घरघर आली. ट्रक! भरधाव! वळणाआड गाडी आहे हे त्याला दिसणार कसं?

सायकल फेकून ठिणगी कडेच्या दगडावर चढली. दोन्ही हातांनी त्रिकोण डोक्यावर धरला.

"हळू! हळूऽऽ!"

हॉर्न. मग कर्कश ब्रेक. धूळच धूळ!

ट्रक वळणातच थांबला. ड्रायव्हर तणतणत उतरला. "काय गं ए, मरायचंय का?" मग त्याला पुढची गाडी दिसली. मागे बसलेलं पोर दिसलं.

मामा धावत आला. "काय झालं? अगं, या रस्त्यानं दहा मिनिटं वाचतात, म्हणून..."

"मागे कोण बसलंय ते बघितलंस का?"

मामानं वळून पाहिलं. बटाटा अजून हात हलवत होता. मामा मटकन कठड्यावर बसला.

ट्रक ड्रायव्हरनं ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज तू दोन घरं वाचवलीस. त्यातलं एक माझं." मग मामाकडे वळून म्हणाला, "लाव तो त्रिकोण. वळव गाडी. तळ्याच्या फाट्यापर्यंत मी मागे राहतो, दिवे लुकलुकवत. बघू कोण पुढे घुसतं!"

संध्याकाळी मामानं स्वतःच मॅनेजरला सगळं सांगितलं आणि त्रिकोण नटबोल्टनं पक्का आवळला.

दुसऱ्या दिवशी तळ्याकडच्या उतारावर गोगलगाय सुसाट आली. "मामा, उतरून ढकलू का?"

"गप गं! पंचवीस म्हणजे पंचवीस!"

आणि जन्मात पहिल्यांदाच गोगलगाय कुणाच्या तरी पुढे गेली!