नव्हं

विद्यापीठाच्या उपाहारगृहात पोह्यांच्या रांगेत उभं राहिलं की कोण कुठलं ते पूर्वी आपोआप कळायचं. कुणी "हाव ना" म्हणायचं, कुणी "व्हय की", कुणाचं वाक्य शेवटी उगाचच वर चढायचं. ती सोय आता राहिली नव्हती. प्रत्येकाच्या दोन्ही कानांत ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक पांढरा मणी होता. समोरचा कुठल्याही बोलीत बोलो, मण्यातून ऐकू यायची ती स्वच्छ, इस्त्री केलेली प्रमाण मराठी. आवाज मात्र त्या माणसाचाच. याला समवाणी म्हणत. चार वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिच्यावर अग्रलेख निघाले होते. आता ती फोनात, रेडिओत, कार्यालयांत सगळीकडे होती आणि चष्म्याइतकीच अंगवळणी पडली होती.

ईश्वरी खामकर वृत्तविद्या विभागात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या सकाळी रांगेतले तिघेजण मुद्दाम वळून तिचं अभिनंदन करून गेले. विभागाच्या रेडिओवर लागलेली तिची बातमी मोठ्या वाहिन्यांनी उचलली होती, आणि एका वाहिनीने तिला उन्हाळ्यात कामावर बोलावलं होतं. एवढ्यात आईचा फोन आला.

"तू जेवली नव्हतीस," आई म्हणाली.

"अगं, सकाळचे साडेनऊ वाजलेत. आणि काल जेवले होते मी."

गेली दोन वर्षं आईचा प्रत्येक फोन याच तक्रारीने सुरू व्हायचा आणि ईश्वरी चिडून लवकर ठेवून द्यायची. आजही तिने ठेवला.

तिचं गाव डोंगरापलीकडे, दोन तासांवर होतं. विभागात कुणाला ते ठाऊक नव्हतं. समवाणी यायच्या आधी, अकरावीला ती पुण्यात मामाकडे राहायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, तुमी हे काल शिकवलं नव्हं?" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "नाही कसं? शिकवलं की!" वर्ग आणखी हसला. पुढे वर्षभर तिचं नावच 'नव्हं' पडलं. तेव्हापासून तिने जिभेला असं वळण लावलं की तो शब्द पुन्हा तोंडातून निसटला नाही. मणीही ती त्याचसाठी घालायची. तिला बोली कळत नव्हती असं नाही. कानावर पडली तर जिभेवर येईल याची धास्ती होती. विद्यापीठात कुणी विचारलं तर ती सरळ पुणे सांगायची.

बातमी कालव्याची होती. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे कालव्याच्या फाट्याचं दार उघडं राहून पाणी वीटभट्टीवर शिरलं. सहा खोपटी वाहून गेली, एक म्हातारी दगावली. फाट्याच्या दाराची उघडझाप करणारा पाटकरी होता आनंदा शेळके. ईश्वरी त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोने दिलेला चहा प्यायली आणि विचारलं, "संध्याकाळी तुम्ही दार बंद केलं होतं का?" तो जे बोलला ते समवाणीने असं ऐकवलं: "सहा वाजता दार मी बंद केलं नव्हतं. आता सारखं सारखं काय सांगायचं?"

कबुली. तीही माणसाच्या स्वतःच्या आवाजात. त्या वाक्यावर सगळी बातमी उभी राहिली. बातमी लागल्यावर चौथ्या दिवशी आनंदा निलंबित झाला, पोलिसांनी जबाब घेतला, गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. दार मग उघडं राहिलं कसं, हे पुढे कुणी विचारलंच नाही.

त्याच दुपारी आनंदाची बायको शालन विभागात आली. एसटीने आली होती, हातात पिशवी होती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: नवरा असं म्हणालाच नाही. विभागप्रमुख वैरागडे मॅडम मूळच्या नागपूरच्या. बातमीच्या बाबतीत कडक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी रेडिओच्या गटातल्या चौघांना बोलावलं, मूळ ध्वनिमुद्रण मागवलं आणि सांगितलं, "मणी काढा सगळ्यांनी."

ईश्वरीने मणी काढले. आनंदाचा खराखुरा आवाज खोलीत आला.

"सा वाजता दार बंद केलं नव्हं म्या. आता सारखं सारखं काय सांगायचं?"

'नव्हं' वर उडाला, आई भाकरी उलटताना काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट बघायची नाही, अगदी तसा. ईश्वरीचे कान तापले. बंद केलं, नव्हं. बंद केलं ना मी. माणूस वैतागून सांगत होता की केलं, केलं, किती वेळा सांगू.

"पण 'केलं नव्हं' म्हणजे 'केलं नव्हतं'च ना?" मॅडम म्हणाल्या. "समवाणी चुकली कुठे?"

"न्हाई वो बाई," शालन म्हणाली. "केलं नव्हं, म्हंजी केलं. केलंच की."

"केलं नव्हं म्हणजे केलं?" गटातला कौस्तुभ हसू दाबत म्हणाला. "एकच शब्द स्वतःच्या उलट कसा असेल?"

मॅडमनी त्याला नजरेने गप्प केलं आणि चौघांकडे बघितलं. "इथे कुणाला ही बोली येते?"

टेबलाच्या कडेला कुणीतरी कर्कटकाने बाण कोरला होता. ईश्वरी त्या बाणाकडे बघत राहिली. आता हो म्हणायचं म्हणजे पुणं गेलं, वाहिनी गेली, आणि पुढचा प्रश्न तर ठरलेलाच होता: कळत होतं, तर गप्प का बसलीस? कुणीच हात वर केला नाही. मॅडमनी सुस्कारा सोडला आणि समवाणीच्या कंपनीला लिहून विचारायचं ठरलं.

शालनला फाटकापर्यंत सोडायचं काम ईश्वरीकडेच आलं. बाई चालता चालता थांबली.

"तू आलतीस नव्हं आमच्या घरी? म्या च्या दिलता तुला."

"हो."

"कुठली गं तू?"

"पुण्याची," ईश्वरी म्हणाली.

शालनने मान हलवली. "मग तुला कसं कळायचं, पोरी. तुजा काय दोस न्हाई."

ती बसमध्ये चढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ईश्वरीला वाटलं. त्या बाईने तिला माफ करून टाकलं होतं, तेही खोट्या गावाच्या नावावर. लाजेने तिला भर दुपारी अंग चोरून चालावंसं वाटलं.

ग्रंथालयामागच्या पायरीवर बसून तिने फोनातली समवाणी बंद केली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग आईला फोन लावला.

"कोन, ईसू?" आईचा आवाज तोच होता, पण त्याला चढ होता, उतार होता. "आगं, जेवलीस नव्हं?"

ईश्वरीने फोन कानाशी घट्ट धरला. दोन वर्षं आई तक्रार करत नव्हती. विचारत होती. आणि ती दर वेळी खेकसून फोन ठेवत होती.

"ईसू? काय झालं? बोल की."

"जेवले गं, आये," ती म्हणाली. हा शब्दही दोन वर्षांनी तोंडात आला होता आणि जीभ त्याला परकी झाली होती.

ती तशीच उठून मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, मला येते ती बोली. माझीच आहे ती. मी पुण्याची नाही."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. ईश्वरीने सगळं सांगितलं. समवाणी आधी बोलण्यातला हेल काढते आणि मग उरलेल्या शब्दांचा अर्थ लावते. हेल गेला की 'नव्हं'मधला प्रश्न जातो, आणि यंत्राला तिथे सरळ नकार दिसतो. पुस्तकी मराठीवर वाढलेल्या यंत्राला दुसरं काय दिसणार?

"हे तुला आज कळलं?" मॅडमनी विचारलं. "की तेव्हाच?"

इथे एक सोपं खोटं तयार होतं. "तेव्हाच," ईश्वरी म्हणाली. "त्या दिवशी मणी एकाच कानात होता. दुसऱ्या कानाने मी ते मूळचं ऐकलं होतं. पण मण्यातलं वाक्य... त्यात बातमी होती, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी दुरुस्तीचा मजकूर तिलाच लिहायला लावला आणि तिच्याच आवाजात, तिच्या नावागावासकट रेडिओवर लावला. वाहिन्यांनी तो घेतला नाही. उन्हाळ्यातलं बोलावणंही दोन ओळींत रद्द झालं. कंपनीचं उत्तर आलं की समवाणीची अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के आहे. मॅडमनी उलट लिहिलं, उरलेल्या दोन टक्क्यांत कोण माणसं राहतात ते कळवावं. त्यावर काही आलं नाही.

दुरुस्ती रेडिओवर लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी आनंदाच्या गावी गेली. मणी खोलीवरच ठेवले होते. आनंदा दारातल्या दगडावर बसला होता. शेजारी काडेपेटीएवढी करडी डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. शालनने तिला ओळखलं आणि ती आत निघून गेली.

"काका," ईश्वरी म्हणाली, "मागं म्या आलते. चूक माजी हाय. तुमी केलं म्हणालासा आन् म्या रेडिओवर न्हाई केलं म्हणून सांगितलं."

आनंदाने मान वर केली. "तू हितलीच?"

"व्हय. डोंगराच्या पल्याडची."

"मग तुला तवाच कळलं आसंल."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. "कळलं व्हतं."

तो रागावला नाही. नुसता बघत राहिला, आणि ईश्वरीला वाटलं, आयुष्यात एवढ्या बारकाईने आपल्याकडे कुणी बघितलं नसेल. मग त्याने डबीकडे बोट केलं. सोमवारी खात्याची चौकशी होती. साहेब लांबचे, म्हणून जबाब समवाणीतूनच घ्यायचा होता. सरावासाठी डबी आधीच घरी पाठवली होती. आपण बोलायचं, मग आपल्याच आवाजात ती बोलणार, आणि ती बोलेल तेच कागदावर उतरणार.

"सोमवारी म्या येते संगं," ईश्वरी म्हणाली. "काय म्हणालासा त्ये सांगते साहेबास्नी."

"इचारलं म्या. मानूस चालत न्हाई म्हणं. मानूस चुकतो." तो जरासा हसला. "म्हणून मीच शिकतुय. ऐक."

त्याने पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेत कविता म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मी. दार. बंद. केले. होते."

डबी लगेच बोलली, "मी दार बंद केले होते."

शालन दाराआडून ऐकत होती. पंचावन्न वर्षांच्या माणसाला स्वतःच्या घरात स्वतःचं बोलणं पुसून काढताना बघून ईश्वरीला आपली अकरावी आठवली. याच कष्टाने तिनेही ते पुसलं होतं. फरक एवढाच की तिला कुणी चौकशीला बोलावलं नव्हतं.

आनंदाने ते वाक्य तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा डबीने त्याला बरोबर ऐकलं. मग पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. तो ईश्वरीकडे वळला आणि नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या हेलात म्हणाला, "ह्ये बरूबर, नव्हं?"

हिरवा दिवा लुकलुकला. त्याच्याच आवाजात, स्वच्छ, इस्त्री केलेल्या मराठीत डबी म्हणाली, "हे बरोबर नव्हतं."

आनंदा डबीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच ईश्वरीला विचारलं, "ह्ये म्या म्हणलो व्हय?"