शेवटच्या घरातली पाठमोरी बाई

आमच्या ऑफिसात टपाल सकाळी साडेदहाला येतं. गेमच्या प्रत्येक डब्यात आम्ही एक छापील कार्ड घालतो. नाव, वय, पत्ता, कुठलं पात्र आवडलं, काय आवडलं नाही. मुलं ती भरून पाठवतात. ती वाचायची आणि गठ्ठे बांधायचे, हे गेली नऊ वर्षं माझं काम आहे. पूर्वी मी चित्रं काढायचे. चाळिशीकडे झुकलेल्या बाईने चित्रं काढण्यापेक्षा कार्डं वाचावीत, असं आमच्या कंपनीला वाटतं. त्यावर मी पुष्कळ बोलू शकते, पण ही गोष्ट माझी नाही. कुसाकाबे फुमिएची आहे, आणि ती सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

१९९० साली आमचा पहिला मोठा गेम आला, ‘सात घंटांचं सरोवर’. आपण नायक होऊन गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, अशा जातीचा. त्यात सरोवराच्या तळाशी बुडालेलं एक गाव होतं. पडद्यावर त्याची फक्त दोन छपरं दिसायची. फुमिएताईने मात्र आलेखाच्या वह्यांत एकेक चौकोन रंगवून ते अख्खं गाव काढून ठेवलं होतं. घाट, दुकानं, गल्लीतली मांजरं, सगळं. मी तेव्हा बावीस वर्षांची, तिच्या हाताखाली. कुणाला दिसणार आहे हे, असं मी विचारलं तर म्हणाली, खाली कुणीतरी राहत होतंच ना.

शेवटच्या घरात तिला मागावर बसलेली एक बाई काढायची होती. गेममधल्या प्रत्येक माणसाची चार चित्रं लागतात. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. आपण बोललो की ते माणूस आपल्याकडे वळतं, म्हणून. या बाईचं एकच चित्र झालं, पाठमोरं. सलग तिसऱ्या रविवारीही कामावर आलेली फुमिएताई त्याच खुर्चीतून दवाखान्यात गेली, आणि फेब्रुवारीत वारली. सत्तावीस वर्षांची होती.

त्या काळी गेमच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत आमची खरी नावं छापत नसत. दुसरी कंपनी माणसं पळवील म्हणून सगळ्यांनी टोपणनावं घ्यायची. फुमिएताईने नाही घेतलं. माझी आई टोपणनावाला ओळखणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणारा निशिवाकी हसून म्हणाला, मग राहू दे रिकामं. आणि खरंच राहू दिलं.

सोळा वर्षांनी हाच निशिवाकी लाल गॅलिस, म्हणजे पँटचे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावून निर्माता झाला होता. त्याने हातात मावणाऱ्या नव्या यंत्रासाठी ‘सरोवर’ची पूर्वकथा काढायचं ठरवलं. गाव बुडण्याआधीची गोष्ट. गाव कुठून आणणार? फुमिएताईच्या वह्यांतून. वह्या होत्या साबाए गावी, तिच्या आईकडे, आमच्या काकूंकडे. चष्म्याच्या फ्रेमा घासण्यात चाळीस वर्षं घालवलेली ती बाई. मीच त्याला तिथे घेऊन गेले, हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही. तो चटईवर डोकं टेकून म्हणाला, ‘यावेळी पहिल्या ओळीत फुमिएसानचं नाव असेल.’ काकूंनी अकरा वह्या रेशमी फडक्यात बांधून दिल्या. त्यांनी एकच विचारलं, ते नाव वाचायला मी असेन ना तोपर्यंत?

मे महिन्यात श्रेयनामावली तयार झाली. पहिल्या ओळीत निशिवाकी. फुमिएताई कुठेच नाही. मेलेल्या माणसाचं नाव घातलं की उद्या वारस हक्क सांगायला येतात, असं तो मला लिफ्टमध्ये म्हणाला. काकूंच्या तोंडाला पानं पुसून वर कायदा शिकवत होता मला.

त्याच आठवड्यात ओइशीने मला खालच्या मजल्यावर बोलावलं. ओइशी आमचा प्रोग्रामर, देवळापुढेसुद्धा मान न वाकवणारा. पडद्यावर ते गाव होतं, उन्हात, जिवंत. गल्लीच्या शेवटी एक घर, आत माग, मागावर पाठमोरी बाई.

‘ही मी घातलेली नाही,’ तो म्हणाला. ‘तीनदा पुसली. यादीत नाही, नकाशात नाही. बघा.’

त्याने नायकाला तिच्याशी बोलायला लावलं. ती वळली नाही. बाजूने बोलला, तरी पाठच. पुढून गेला, तरी पाठच. खाली अक्षरं उमटली, ‘काम झालं. नाव लिहायचं राहिलं. लिहाल?’ त्याखाली ‘हो’ आणि ‘नाही’.

‘कुणाचं नाव?’ मी विचारलं.

‘पुढे काही नाही. ‘हो’ म्हटलं की गप्प बसते. ‘नाही’ अजून कुणी दाबलेलं नाही. दाबवत नाही.’

वर कळवलं तर निशिवाकीने चिठ्ठी पाठवली, मुलांना गंमत वाटेल, राहू द्या. गेम जुलैत बाजारात गेला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी टपालात एकशे बारा कार्डं होती. आवडतं पात्र, मागावर विणणारी बाई. पुढचं, मागावर विणणारी बाई. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग माझी नजर वरच्या रकान्यात गेली, जिथे मुलं स्वतःचं नाव लिहितात. निइगाता, वय आठ, कुसाकाबे फुमिए. कोची, वय अकरा, कुसाकाबे फुमिए. मात्सुए, वय सात. साप्पोरो, वय नऊ. पत्ते वेगळे, अक्षरं वेगळी, पेन्सिली वेगळ्या. नाव एकच, आणि बिनचूक. ओइशीने गेममधलं अक्षर न् अक्षर चाळलं. ते नाव त्यात कुठेच नव्हतं.

आठवडाभरात सहाशे झाली. मग आयांचे फोन सुरू झाले, तेही माझ्याच टेबलावर. सगळ्या एकच सांगत. मूल जेवतं, शाळेत जातं, अभ्यास करतं. फक्त नावाने हाक मारली की वळत नाही. कोचीची एक आई फार हळू बोलत होती.

‘दारातून हाक मारते हो मी. पाठ करून बसलेला असतो. कान तपासले, ठीक आहेत. काल त्याच्या कार्डावरचं नाव घेऊन बघितलं. लगेच वळला.’

मी रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहिले. फुमिएताईला पोरांचं काही वाकडं करायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ज्यांना विचारलं त्यांनी भाबडेपणाने ‘हो’ म्हटलं होतं, इतकंच. ज्याने लिहायला हवं होतं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कार्डांचे गठ्ठे घेऊन मी निशिवाकीच्या खोलीत गेले. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीबाहेर झाडावर उन्हाळी किडे केकाटत होते. गेमची दुसरी खेप कारखान्यात जायची होती. तिच्या मंजुरीचा कागद, श्रेयनामावली छापलेला, त्याच्या पुढ्यात होता, शिक्का मारायचा बाकी. मी म्हटलं, या खेपेत नाव घाला, आणि फोन आलेल्या प्रत्येक घरी नवी प्रत पाठवा. त्याने दोन कार्डं उलटसुलट केली.

‘पोरं एकमेकांचं बघून लिहितात. ओगुरासान, तुम्ही अजून त्या एका नावाला धरून बसलाय. गेम खपतोय. कुणाला पडलीय?’

‘तिच्या आईला शब्द दिला होता तुम्ही. डोकं टेकून.’

‘वह्या मिळवायच्या होत्या.’

इतक्या सरळपणे म्हणाला. मी पिशवीतून यंत्र काढलं, शेवटच्या घरापर्यंत नेलं आणि त्याच्या हातात ठेवलं. निर्मात्याने स्वतःचा गेम एकदाही खेळला नव्हता. त्याने वाचलं, नाकातून हसला आणि अंगठ्याने बटण दाबलं. कुठलं, ते त्याच्या तोंडावरून कळलं.

पडद्याचा उजेड त्याच्या चष्म्यावर हलला. हसू अर्ध्यावरच राहिलं.

‘ही तर वळते,’ तो म्हणाला.

मला समोरून काही दिसत नव्हतं. त्याने यंत्र मिटलं, टेबलावर ठेवलं आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. दार उघडंच होतं.

मंजुरीचा कागद टेबलावर होता. निशिवाकीचा लाल शिक्का बसला होता. पहिल्या ओळीतलं त्याचं नाव नव्हतं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, कुसाकाबे फुमिए. बारीक अक्षर, प्रत्येक जणू आखलेल्या चौकोनात बसवलेलं.

तो खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. पांढरा शर्ट, लाल गॅलिस.

‘निशिवाकीसान.’

वळला नाही.

मी पुन्हा हाक मारली. मग टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेले, त्याच्या समोर.

समोरूनही पाठच होती.

किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. झाडावरचे किडे ओरडत होते, खाली भंगारवाल्याची गाडी गेली. मी कागद उचलला, सवयीने वाकून आभार मानले आणि तो स्वतः कारखान्यात पोचवला.

दुपारी खुर्ची रिकामी होती. निशिवाकी दीर्घ रजेवर आहेत, असं पत्रक निघालं. मी कार्डांवरच्या पत्त्यांवर धाडलेल्या नव्या प्रती घरोघर पोचल्या तसे फोन थांबले. कोचीच्या त्या आईने आभाराचं पत्र पाठवलं, पोरगा आता पहिल्या हाकेला ओ देतो म्हणून.

जानेवारीत मी साबाएला गेले. बर्फ गुडघाभर होतं. उबेच्या मेजाखाली पाय घालून बसलो. काकूंनी थंडीतच खायचं ते गार योकान, कडधान्याची गोड वडी, कापून ठेवलं होतं. मी गेम शेवटापर्यंत नेलेला होता. श्रेयनामावली सुरू झाली आणि पहिलीच ओळ आली. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव वर सरकून गेलं तरी बोट पडद्यावरच होतं.

‘आलीस होय,’ त्या म्हणाल्या. अजून काही म्हणाल्या, ते मी लिहिणार नाही.

मग त्यांना लेकीचं गाव बघायचं होतं. बटणं मी दाखवली, चालल्या त्या स्वतः. घाट बघितला, मांजरं बघितली. गल्लीच्या शेवटी, शेवटच्या घरात शिरल्या. मागावर बाई नव्हती.

‘अगं, इथे कुणी बाप्या बसलाय,’ काकू म्हणाल्या. ‘पाठ करून. लाल पट्टे आहेत बघ पाठीवर. काय म्हणतोय? नाव लिहायचं राहिलं. लिहाल?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘लिहू का गं? बिचारा ताटकळलेला दिसतोय.’

त्यांचा अंगठा बटणावर होता. मी तो अलगद बाजूला केला.

‘काही दाबू नका, काकू. बसू दे त्याला.’

मी यंत्र मिटलं. काकूंनी योकानचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला.