गुरुवारची शिकवणी

पहिल्याच दिवशी मामा छोट्या मुलांच्या खुर्चीत अडकला. भाचीला सोडायला आलेला हा सहा फुटी गडी ‘जरा टेकतो’ म्हणाला, आणि उठला तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. शिकवणी वर्गातल्या बाईला हसू आवरेना, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली.

ती वाचनात मागे पडणाऱ्या मुलांकडून मेंदूचे व्यायाम करून घ्यायची. भाची, चिमणी, नऊ वर्षांची. बोलण्यात चुरूचुरू, पण पुस्तक उघडलं की गप्प. संगणकावर एकामागून एक चित्रं यायची आणि ती त्याच क्रमाने सांगायची. रोज घरी एक फेरी, दर गुरुवारी इथे. बुधवारपासूनच बाईचं कामात लक्ष लागेनासं व्हायचं.

घरचे गुण भराभर वाढले. चार चित्रं, सहा, नऊ... वाचन मात्र जागच्या जागी. इथे तर चिमणी पाचव्या चित्राला हमखास अडखळायची. घरची नऊ चित्रं तिची नव्हतीच. बाईला हे कळून तीन आठवडे झाले होते, आणि ती गप्प होती. आज चिमणी शाळेत धडा वाचता वाचता रडली असं बाईला कळलं.

तिने चिमणीला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि दार लोटलं.

“घरी कोण खेळतं?”

मामाचा चेहरा उतरला. “मी... ती कंटाळायची. गुण पडले तर तुम्ही बंद कराल असं वाटलं.”

“बंदच करायला हवं होतं. यानं ती या खेळात तरबेज होईल, वाचनात नाही. सोमवारपासून तिला शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे पाठवा, त्या अक्षर आणि आवाज जुळवून वाचायला शिकवतात.”

“म्हणजे आपला गुरुवार...”

“संपला.”

बहिणीला मीच सांगतो, चूक माझी आहे, असं म्हणत त्याने फोन काढला. बाईने मनात हिशोब मांडला. गप्प राहिलं तर सगळं त्याच्या माथी जाणार होतं. बोललं तर कदाचित नोकरी जाईल, आणि हाही.

“मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही यायचं थांबला असता... म्हणून.”

त्याने फोन खाली केला. “मी तरी कशासाठी खेळत होतो?”

तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. बाहेर पोर मान खाली घालून रंग भरत होती, आणि तिचे तीन आठवडे या दोघांनी वापरले होते.

“आधी मी बोलते,” म्हणत तिने फोन घेऊन चिमणीच्या आईला लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. मामाने तिचा दुसरा हात धरला. तो हात कुणीच सोडला नाही.