तुंगाचं दुखणं

"डॉक्टरबाई, लवकर या हो! तुंगा खाली पडलीय. लोळतेय, सारखी पोटाकडं वळून बघतेय." फोनवर हेमावतीचा आवाज कापत होता. "मरेल ती!"

मधुवंती नरगुंदकरनं रिसीव्हर ठेवला आणि औषधांची पेटी उचलली. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत तिनं जनावरांचा दवाखाना काढून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात तुंगा घोडीइतकं तिला कुणीच घाबरवलं नव्हतं.

केलगेरी तळ्याच्या वाटेवर भीमसेनअण्णांचा तबेला होता. घोड्या तीन. दोघी ठणठणीत. तिसरी तुंगा, अण्णांच्या मुलाचा, प्रभंजनचा जीव की प्राण. दिवाळी सरल्यापासून तिच्या पोटातले जंत हटत नव्हते. मधुवंतीनं दर खेपेला स्वतःच्या हातानं, पिचकारीनं थेट जिभेच्या मुळाशी औषध सोडलं होतं. लीद तपासली की जंतांची अंडी नाहीशी झालेली असत. आणि काही आठवडे गेले की पुन्हा तेवढीच. आपलंच काही चुकतंय का, या विचारानं तिची झोप उडाली होती.

फाटकाशी हेमावती धावत आली. प्रभंजनची ही बायको एरवी नीटनेटकी असायची. आज तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. कट्ट्यावर पूजेची परडी होती, ओल्या दुर्वांनी शिगोशीग भरलेली.

तुंगा घामानं निथळत आडवी पडली होती. मधुवंतीनं तिच्या कुशीला कान लावला. घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

जंत रक्तवाहिनीत शिरले, तिथं गुठळी झाली, तर आतडं आतल्या आत मरतं. मग काहीच करता येत नाही.

तिनं वेदनाशामक इंजेक्शन दिलं, नाकावाटे नळी घालून तेल सोडलं. आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. प्रभंजननं घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार गोविंदची गचांडी धरली होती.

"यानंच काहीतरी घातलंय तिला! गेल्या महिन्यात मी चाबूक उगारला, त्याचा सूड!"

"देवा रे! मी नाही हो अण्णा!" गोविंद रडकुंडीला आला होता.

"पोलिसांना फोन केलाय मी," भीमसेनअण्णा म्हणाले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते खुर्ची सोडत नसत, पण आवाजातली जरब तशीच होती. "काय सांगायचंय ते त्यांनाच सांग की आता."

मधुवंती मधे पडली. "सोडा त्याला. गोविंद, तुंगाला खायला कोण घालतं?"

"मीच, अक्का. कडबा, हरभरा, कोंडा. तिघींनाही एकच."

"हिरवं?"

"या उन्हात हिरवं कुठलं, अक्का? सगळं माळरान करपून गेलंय."

"सकाळी तू कधी येतोस?"

"ऊन वर आल्यावर. हरभरा भिजवून, भरडून मग येतो."

"त्याआधी तबेल्यात कोण असतं?"

गोविंदनं इकडंतिकडं पाहिलं. "मी नसतो, अक्का. कसं सांगू?"

मधुवंती परत आत गेली. दोघी निरोगी घोड्यांची लीद पिवळट, कडब्याच्या काड्यांनी भरलेली. तुंगाची तिनं चिमट्यानं उकलली. आत हिरवे, बारीक धागे होते.

हात धुवायला ती स्वयंपाकघरात गेली. देवघरातल्या गणपतीपुढं दुर्वांची एक लहानशी जुडी होती, कालची, सुकलेली. मधुवंती तिथंच थबकली. देवाला रोज एवढंच लागतं? मग ती भरलेली परडी कुणासाठी?

हात न धुताच ती वळली. कारण आता तुंगाजवळ कोण बसलं होतं, हे तिला माहीत होतं.

ती जवळजवळ पळतच तबेल्यात आली. हेमावती घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बाजूला व्हा."

"काय झालं, डॉक्टरबाई?"

"आधी बाजूला व्हा!"

आवाज ऐकून प्रभंजन आणि गोविंद धावत आले. मागून काठी टेकत अण्णाही आले.

"अण्णा, पोलिसांना नको म्हणून सांगा. गोविंदनं काही केलेलं नाही," मधुवंती म्हणाली. "माझं औषध लागू पडत होतं. जंत पुन्हा बाहेरून येत होते, आणि ते फक्त हिच्याच तोंडात. जंतांच्या अळ्या कोरड्या कडब्यात जगत नाहीत. त्यांना ओलं गवत लागतं. तुंगाच्या लिदीत हिरवं गवत आहे, बाकी दोघींच्या नाही. ओली हरळी, म्हणजे याच दुर्वा, इथं फक्त तळ्याच्या काठाला उरलीय. टांग्यांची थकलेली घोडी तिथंच चरतात, तिथंच लीद टाकतात."

"म्हणजे कुणी मुद्दाम...?" प्रभंजन म्हणाला.

"मुद्दाम. आणि ज्याला हे कळत होतं, त्यानंच. दिवाळीत मी तुमच्या ओसरीवर सांगितलं होतं. तळ्याकाठचं दवानं भिजलेलं गवत देऊ नका, पात्यांच्या टोकाला अळ्या चढून बसतात. गोविंद तेव्हा गावी होता. अण्णांना तळ्यापर्यंत चालवत नाही. प्रभंजन, तुम्ही तुंगावर जीव टाकता. चौथं माणूस चहाचा ट्रे घेऊन उभं होतं."

ती हेमावतीकडं वळली.

"रोज देवासाठी दुर्वा आणायच्या. जुडीभर देवाला, परडीभर तुंगाला. आज परडी भरलेलीच राहिली, कारण खायला तुंगा उभीच नव्हती. आणि मग घाबरून फोनही तुम्हीच केलात. हो ना, हेमावती?"

हेमावतीनं पदर तोंडात कोंबला. मग सावकाश काढला.

"गेल्या जत्रेतल्या शर्यतीत हे हिच्यावरून पडले. हुबळीच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा मला ओळखलं नाही यांनी. तुम्ही कोण, म्हणून विचारलं. पुन्हा डोक्याला मार बसला तर वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आणि यंदा यांनी परत नाव दिलं."

"मला बोलायचं होतंस," प्रभंजन पुटपुटला.

"पाया पडले होते तुमच्या. हसलात." तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "घोडी अशक्त राहिली की हे बसणार नाहीत, एवढंच मनात होतं. तिचा जीव घ्यायचा नव्हता, मामंजी. देवाशप्पथ."

अण्णा काठीवर भार देऊन उभे होते. त्यांनी गोविंदच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं केला. गोविंद मागं सरला आणि फाटकाबाहेर निघून गेला.

तेवढ्यात तुंगानं खोल श्वास सोडला. मधुवंतीनं झटकन कुशीला कान लावला. आत खूप दूर काहीतरी खळखळलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

"उठवा तिला! आता चालवायला हवी. खाली पडू देऊ नका."

कशीबशी घोडी उभी राहिली. प्रभंजननं दोरी ओढली, चुचकारलं, नावानं हाक मारली. तुंगा जागची हलेना. पाय पुन्हा वाकायला लागले.

हेमावती पुढं आली. नवऱ्याच्या हातातून तिनं दोरी घेतली. तुंगानं नाक तिच्या तळव्याला घासलं आणि ती मुकाट्यानं तिच्यामागून चालू लागली.

दोघी अंगणात सावकाश फेऱ्या घालत राहिल्या. मधुवंती त्यांच्या शेजारून चालत होती. हेमावतीच्या हातांवरून नजर काढायची तिची हिंमत होत नव्हती.