कारवड्याचा तळलेख

कुंभाड जलाशयावरच्या तरंगत्या प्रयोगशाळेत तात्या शेलार आणि सखू एकाच बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दोघं सख्ख्या भावांची मुलं. दोन घरांमधल्या बांधाच्या भांडणातून बापांनी एकमेकांकडे न जाण्याची शपथ घेतली तेव्हा तात्या आठ वर्षांचे होते. दहा वर्षांनी कारवडे गाव धरणात गेलं. आता तात्या अठ्ठ्याऐंशीचे होते, आणि बोलणं अजून तिसऱ्यामार्फत चालायचं. आज तिसऱ्या होत्या तिथल्या शास्त्रज्ञ, डॉ. हेमांगी गद्रे.

"तिला विचारा, चिंच कुठं होती."

"त्याला सांगा, पडवीच्या डावीकडं. तिच्यावरून डोक्यावर पडला होता, म्हणून आठवत नसेल."

हेमांगीने हसू दाबून नकाशावर चिंच टाकली.

"धरण नवं असताना बुडालेल्या रानाचं खत पाण्यात उतरतं," ती म्हणाली, "आणि तरंगती जलपर्णी माजते. ते खत सरलं की ती ओसरते आणि तळात मुळं धरणारी पाणगवतं येतात. ती खालच्या मातीवर पोसतात. उकिरड्यावर दाट, दगडावर काहीच नाही, तुडवून घट्ट झालेल्या जमिनीवरही नाही. तुमची आळी उतारावर, दोन पुरुष खोल पाण्यात. तिथं गाळ साचत नाही. आमचं तळलेखक यंत्र वरचं गवत मोजतं आणि पडद्यावर खालचं गाव काढतं."

"बांध काढा," तात्या म्हणाले. ते आले होते तेवढ्यासाठीच.

पडद्यावरच्या हिरव्या गवतात दगडी बांधाची एक पांढरी रेघ उमटली. मध्यावर ती वाकली होती, तात्यांच्या बाजूला, बरोबर हातभर.

"काकानं सरकवला होता."

"खरंय त्याचं," सखू म्हणाली. "बाबांनीच सरकवला."

इतक्या सहज मिळालेल्या विजयाचं काय करायचं, ते तात्यांना सुचेना. ते पडद्याकडेच बघत राहिले. बांधाला आडवी छेदून दुसरी एक पांढरी रेघ गेली होती, वीतभर रुंद, एका मागल्या दारापासून दुसऱ्या मागल्या दारापर्यंत.

"ही कुत्र्यांची असेल," तात्या म्हणाले.

"पायवाट आहे," हेमांगी म्हणाली. "वहिवाट थांबली, की दोन-तीन पावसाळ्यांत उघड्यावरची जमीन पुन्हा भुसभुशीत होते; पाण्याखाली गेलेली घट्ट ती घट्टच राहते. गाव बुडायच्या आधी थांबली असती, तर इथं गवत आलं असतं. ही गाव बुडेपर्यंत रोज तुडवलेली आहे."

"शपथेनंतर दहा वर्षं?"

हेमांगीने होकाराची मान हलवली. तात्यांना वडील दिसले. त्या घरचा कण पोटात जाणार नाही म्हणायचे, आणि दुपारी ताटात दुसऱ्यांदा दही वाढून घ्यायचे.

"काकीचं, म्हणजे त्याच्या आईचं, विरजण कधी लागलं नाही," सखू हेमांगीला म्हणाली. "दूध नासायचं. आई रोज वाटीभर लावलेलं दही नेऊन द्यायची. तिचे गुडघे गेल्यावर मी."

"तिला विचारा," तात्या म्हणाले आणि थांबले. तात्या बाकावर सरकले, मधली जागा संपेपर्यंत.

"सखू, अजून दही लावतेस का गं?"

"लावते. वाटी घेऊन तू ये. आता मला चालवत नाही."