घरची गाडी रिकामी काढू नये

आमच्या घरी दर रविवारी एरंडेल निघायचं. आधी गाडीच्या आसांना, मग आम्हा मुलांना. गाडीला ते मानवायचं, आम्हाला नाही. अण्णांचा जीव आमच्यापेक्षा गाडीवर जास्त का, याचं कारण मी लहानपणीच असं शोधून ठेवलं होतं.

गाडी म्हणजे शिग्राम. बंद पेटी, आत समोरासमोर दोन बाकं, चार कोपऱ्यांत चार माणसं, आणि प्रत्येक कोपऱ्याखाली वजनानं दबणारी एक लोखंडी कमान. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती घेतली तेव्हा गिरगावातल्या आमच्या मुगभाटात दुसरी नव्हती. पुढे लोकांनी व्हिक्टोरिया घेतल्या, मोडल्या, पुन्हा घेतल्या. आमची तीच राहिली. चाकं बदलली, आस बदलले, टप बदलला, गाद्यांतला काथ्या बदलला. घोडे तर विचारूच नका. मी एकदा अण्णांना म्हटलं, "आता हिच्यात मूळचं काय उरलंय?"

अण्णा म्हणाले, "आपण."

अण्णा म्हणजे माझे वडील, गंगाधरपंत. गाडी ते स्वतः हाकायचे, गाडीवान ठेवायला राजी नव्हते. आतल्या जागा ठरलेल्या. मागे उजवीकडे आबा, त्यांच्या शेजारी आई. तिला आम्ही बय म्हणायचो. समोर धाकटी सुभद्रा आणि मी. निघण्यापूर्वी अण्णा पायरीपाशी उभे राहून एकेकाला पुकारायचे. "आबा, बसा. मंडळी, बसा. सुभे, बस. रमाकांता, बस." मंडळी म्हणजे बय. तिचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही.

गाडी दुरुस्तीला लालबागेत शिवा सुताराकडे जायची, तेव्हा आत कोणीच नसायचं. अण्णा तरीही पुकारायचे. घरची गाडी दारातून रिकामी काढू नये, ही आबांची शिकवण. रिकाम्या गाडीत कोण येऊन बसेल सांगता येत नाही, त्यापेक्षा आपली माणसं नावानं बसवावीत. मी वर चहा पीत असायचो आणि खाली मला गाडीत बसवलं जायचं. मोठी सोय होती. आणि गाडी जुनी, त्यामुळे फिरायला जाण्यापेक्षा ती लालबागेतच जास्त जायची.

आबा अर्धांगानं अंथरुणाला खिळले, त्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या कोपऱ्याची कमान दबली. शिवानं पाती बदलून दिली. "आता नातवाच्या लग्नापर्यंत बघायला नको, अण्णासाहेब." पुढच्या रविवारी ती पुन्हा दबली. नवी कमान घातली, तीही दबली. आबांना गाडीत पाऊल टाकता येत नव्हतं. ते माडीवर पडून असायचे आणि वजन तर पाखराएवढं राहिलं होतं.

मग आबा गेले. कमान वर आली नाही.

"आबांना जाऊन वर्ष झालं," मी सुभद्रेला म्हटलं, "पण गाडीला कोणी कळवलेलं दिसत नाही."

"तूच कळव. तुला दुसरा काय उद्योग आहे?" ती म्हणाली.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला बयचा कोपरा दबला. मांडवीकडे गाठीचा ताप सुरू झाला होता, पण गिरगावात अजून लोक त्याच्या गप्पाच मारत होते. मी बयला म्हटलं, चकल्या कमी कर, शिवा तक्रार करतो. ती पदर तोंडाला लावून हसली. पौषात तिच्या काखेत गाठ आली. दोन रात्रींत आटोपलं.

शिवाला कारण कळत नव्हतं. तो प्रत्येक वेळी नवीन सांगायचा: लोखंड विलायती नाही, रस्ता वाईट, घोडा डावीकडे ओढतो. आणि प्रत्येक वेळी खातरी द्यायचा. त्याच्याइतका आनंदानं चुकणारा माणूस मी पाहिला नाही.

वाडीतली बिऱ्हाडं बोचकी बांधून गावाला निघाली. दारांवर चुन्याचे पट्टे आले. सुभद्रेचं लग्न झालं होतं, सासरी पाठवणी व्हायची होती. त्या घरचा निरोप आला की सध्या राहू द्या. प्रभादेवीला आमची आत्या राहायची, नारळीच्या वाडीत, मोकळ्या हवेत. सुभद्रेला तिकडे पोचवायचं ठरलं. उरलेलं एक माणूस तरी वाचवू, असं अण्णा म्हणाले. मला त्यांनी कशात धरलं होतं ते मी विचारलं नाही.

लांबचा पल्ला, म्हणून आदल्या दिवशी गाडी शिवाकडे गेली. अण्णांनी पुकारलं ते मी वरून ऐकलं. आबा, बसा. मंडळी, बसा. सुभे, बस. त्या वेळी सुभद्रा माझ्यासमोर बसून केस विंचरत होती.

दुपारी गाडी परत आली. मी खाली जाऊन बघितलं.

सुभद्रेचा कोपरा दबला होता.

मी अण्णांना म्हटलं, "नावं घेऊ नका. तुमच्या पाया पडतो."

"मग रिकामी काढू?" ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "अशा दिवसांत? रिकाम्या गाड्या कशाला फिरतात ते बघतोस ना रस्त्यावर?"

बघत होतो. मुडदे उचलायला फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघालो. सुभद्रेला मी माझ्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली बोचक्यांवर बसलो. तिची जागा मोकळी ठेवली.

"हे काय नवीन?" तिनं विचारलं.

"तुझ्या जागेला ढेकूण झालेत."

"आणि तुझ्या जागेला? तू असताना?"

भायखळ्यापर्यंत ती बोलत होती. पुढे तिनं शेंगदाण्याचा लाडू काढला आणि अख्खा तोंडात घातला. लहानपणापासूनची खोड. रस्ता ओस होता. गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर कमी निघत होता. ऊन झडपांतून आत येऊन मोकळ्या गादीवर पडलं होतं.

अण्णांनी बाहेरून विचारलं, "सुभे, नीट बसलीस ना?"

"हो, अण्णा."

सुभद्रेचे गाल लाडवानं फुगलेले होते.

आवाज मोकळ्या कोपऱ्यातून आला होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग हळूहळू तिनं चावायचं थांबवलं.

बाहेर अण्णा समाधानानं घोड्याला चुचकारत होते.

प्रभादेवीला आत्या दारातच उभी होती. सुभद्रा स्वतःच्या पायांनी उतरली. आत्याच्या गळ्यात पडली, रडली, पाणी प्यायली. मी गाडीकडे बघत होतो. ती उतरली तेव्हा माझा कोपरा वर आला. तिचा आला नाही.

संध्याकाळी तिला ताप भरला.

तिला आम्ही परत आणलं नाही. तिथेच, समुद्राच्या बाजूला.

मुगभाटात आता आम्ही दोघंच आहोत. मी अण्णांना सांगून पाहिलं, गाडी मोडीत काढा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरच मोडीत काढा म्हणालो. तीन कोपरे खाली आणि एक वर. गाडी चालताना माझ्या जागेकडून उचलल्यासारखी दिसते. घोडा बुजतो. त्यांना एवढंच खुपतं. काल रात्री मी चाबूक लपवून ठेवला. त्यांनी सकाळी दोरीचा नवा केला.

आज ते गाडी घेऊन लालबागेला गेले. मी कान झाकून घेतले, पण आपलं नाव माणसाला ऐकू येतंच.

आता दुपार आहे. गाडी नुकतीच परत आली. शिवाही सोबत आला आहे, खूश आहे. त्यानं माडीच्या खिडकीकडे तोंड करून मला सांगितलं, "भाऊसाहेब, झाली बरी! आज काही न करताच झाली. चारी कोपरे एका पातळीत!"

मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी सरळ उभी होती. इतकी सरळ मी तिला कधी पाहिली नव्हती.

अण्णांनी दार उघडलं, पायरी खाली सोडली. एकेकाला वाट देत ते थोडे बाजूला सरले. मग आत वाकून म्हणाले, "रमाकांता, उतर की. घर आलं."

मी वरून ओ दिली.

अण्णांनी वर पाहिलं नाही. त्यांनी आत हात पुढे केला, आणि आजारी माणसाला आधार देतात तसा, सावकाश, मागे घेतला.