खुणेचे तेल

मिरजेच्या संधिविकार प्रयोगशाळेतील पडद्यावर चाळीस रेघा पसरल्या होत्या. चाळीस संधिवातग्रस्त स्त्रियांच्या गुडघ्यांतील दाह, सव्वीस आठवड्यांचा. चार सोडल्या तर एकही रेघ खाली वळली नव्हती.

"आटोपलं," डॉ. भास्कर ओगले म्हणाले. "हे तेल बंद करावं, अशा शिफारशीवर मी आज सही करतो, मुजावरबाई."

आहारशास्त्रज्ञ डॉ. निलोफर मुजावर यांनी चष्मा पुसला. "तुमचा हात कोणी धरलाय? आधी मुद्दा तरी मांडा."

"मुद्दा सरळ आहे. आपण खातो त्या मेदापासूनच शरीर दाहाचे रेणू घडवतं, एका जातीच्या मेदापासून पेटवणारे, दुसऱ्या जातीच्या मेदापासून विझवणारे. हा तुमचा सिद्धान्त. म्हणून तुम्ही जवसातून विझवणाऱ्या मेदाचं तेल काढलंत, त्यात जड कार्बनची खूण पेरलीत आणि तांदळाच्या दाण्याएवढा सांधेवाचक प्रत्येकीच्या गुडघ्यात बसवलात. छत्तीस जणींच्या सांध्यात त्याला खूणच सापडली नाही. अर्थ उघड आहे. खाल्लेलं सांध्यात पोहोचत नाही."

"किंवा ते खाल्लंच गेलं नाही. आणि मालिनीवहिनींचं काय? हाडं झिजण्याआधीचे सहा महिने हातात होते. तेही गेले."

"झिजलेलं हाड भरून येत नाही, हे मीच तिला सांगितलंय," ओगले तुटकपणे म्हणाले. मालिनीबाई, त्यांची पत्नी, त्या चाळिसांपैकीच एक होती. "पण खाल्लं नाही म्हणता, तर बाटल्या रिकाम्या कशा परत आल्या? या बायका उरलेला भात टाकत नाहीत, तेल ओतून देतील?"

मुजावरबाई थबकल्या. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "टाकणार नाहीत."

तुलनेसाठी प्रत्येक घरातील एका निरोगी माणसाच्या गुडघ्यातही वाचक बसवला होता. पाणी एक, स्वयंपाक एक, म्हणून तुलना निर्दोष. बहुतेक ते नवरेच होते. त्यांना तेल दिलेलेच नसल्यामुळे त्यांच्या सांध्यांत खूण शोधावी, असे कोणाला सुचले नव्हते. मुजावरबाईंनी ती आता शोधली.

चौतीस गुडघ्यांत खूण होती. सर्वांत ठळक, क्रमांक सतराच्या.

"गेल्या महिन्यात गड चढून आलात," मुजावरबाई म्हणाल्या. "साठीत गुडघा कुरकुरला नाही, म्हणून आठवडाभर आम्हाला ऐकवत होतात. सतरा क्रमांक तुमचाच ना?"

ओगले दुपारी जेवायला घरी गेले. पाने मांडलेली होती. मालिनीबाईंनी सवयीने तेलाची बाटली पुढे केली.

"अहो, झाकण."

सव्वीस आठवडे ते झाकण ओगलेच उघडून देत आले होते. तिची बोटे करंगळीकडे कलंडली होती; तिच्याने ते फिरत नसे. त्यांनी आजही ते उघडले. तिने बाटली घेतली आणि त्यांच्या चटणीवर तिरपी केली.

"माझ्या ताटात का घालतेस?"

"रोजच घालते की. आज दिसलं होय?"

"ते तुझं औषध होतं, मालिनी!"

"पहिल्या दिवशी बाटली आणलीत तेव्हा काय म्हणालात? तेलानं सांधे सुधारत असते, तर घाण्याचा बैल कधी लंगडला नसता. केवढे हसलात! म्हटलं, माझ्या कामाचं नाही, तुम्हाला चव तरी आवडते. वाया कशाला घालवू?"

"आणि तक्त्यात रोज 'घेतले' लिहीत होतीस?"

"तुमचा प्रयोग बिघडू नये म्हणून."

ओगल्यांनी बाटली तिच्या ताटावर उपडी केली. चार थेंब पडले.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "झिजलेलं हाड भरून येत नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

सांगितले होते. आणि दुर्दैवाने तेवढे एक बरोबर सांगितले होते.